हंबग एवढा जड कसा काय झाला?

प्रश्न: भाऊ, आर्क्टिक मंकीज या इंग्लंडच्या रॉक बँडचे पहिले दोन अल्बम सुसाट, मग तिसरा, 'हंबग', एवढा जड कायले? दोस्ताले बोर वाटते, मले लई आवडते. (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर: जागा अन् माणूस दोन्ही बदलले ना! शेफिल्डची ही पोरं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, जोशुआ ट्रीले गेली, प्रोड्युसर कोण तं क्वीन्स ऑफ द स्टोन एज या अमेरिकन रॉक बँडचा जॉश हॉमी, काही गाणी मात्र जेम्स फोर्डनं न्यूयॉर्कात केली, अन् २००९ मध्ये अल्बम आला. त्यातलं 'क्राइंग लाइटनिंग' गाणं हेडफोन लावून ऐका, सुरुवातीलेच बास कसा छातीवर येते, गिटार मागून घुमते. तेव्हा बऱ्याच फॅन लोकांले पचला नाही, पण २०१३ च्या त्यायच्याच 'एएम' अल्बमचा संथ, जड ठेका इथूनच आला असं मी तं छातीठोक सांगतो, त्यातही हॉमी गायला आहे. दोस्ताले म्हणा, रात्री हरभऱ्याच्या ओलिताले जाशीन तवा पुरा लाव, मधात गाणं बदलू नको.