कंटेंटआधी प्रश्नांची वही

चि.,
अनेक आशीर्वाद.

सोलापुरात शेंगा चटणीचा घरगुती धंदा काढलायस. चटणी कुटणार तू, पॅक करणार तू, कुरिअरला नेऊन देणार तू, आणि वर रोज एक पोस्ट टाकायचा नेम धरलायस. तो नेम आजच मोड. पंधरा दिवसांत दमशील आणि मग महिनाभर पेजवर शुकशुकाट. आठवड्याला दोन तास काढ, तेवढे पुरतात.

विषय शोधत बसू नकोस, विषय गिऱ्हाईकच देतं. एक वही कर. फोनवर, व्हॉट्सॲपवर, दारात जो प्रश्न येईल तो त्यांच्याच शब्दांत उतरव. 'तेल सुटलंय, खराब झाली का?' 'बिनलसणाची मिळंल का?' 'पुण्याला पाठवता का, कुरिअरचे किती?' एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचा व्हिडिओ. 'तुमचा माल दर्जेदार आहे का' असं कुणीच विचारत नाही, तेव्हा ते सांगूही नकोस.

तेलाचाच प्रश्न घे. सकाळी खिडकीपाशी बस, ट्यूबलाइट बंद कर. दोन्ही उजेड मिसळले की चटणीचा लाल रंग मळकट दिसतो. लेन्स पुसून घे, कारण फोनला तिखटातेलाचे हात लागलेले असतातच. फोन उभा धरून डब्याला टेकव आणि सात-आठ सेकंदांचे पाच तुकडे घे: मंद आचेवर भाजलेले दाणे चोळून साल पाखडताना, उखळातला पहिला घाव, कुटून कुटून चटणी चमकायला लागते तो क्षण, मूठ दाबून उघडल्यावर गोळ्यावर उमटलेले बोटांचे ठसे आणि तळहाताला लागलेलं तेल, आणि शेवटी कडक भाकरी, दही, चटणी. जोडताना मुठीचा तुकडा सगळ्यात आधी लाव. लोक पहिल्या दोन-तीन सेकंदांतच अंगठा सरकवतात, तोवर भाजणंच चालू असेल तर गेलेच म्हणून समज. वर गाणं चढवू नकोस, उखळीचा आवाज पुरेसा आहे. बोलायचं एवढंच: 'हे तेल वरून ओतलेलं नाही, कुटताना दाण्यातून सुटलंय. बरणीत ओला चमचा घालू नका.' हीच वाक्यं स्क्रीनवरही लिही. आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात. आपल्या गावात कन्नड आणि तेलुगू घरंही भरपूर, म्हणून त्याच चित्रांवर शेजारच्या काकूंचा त्यांच्या भाषेतला आवाज घेतलास तर नवं शूटिंग न करता दुसरा व्हिडिओ तयार.

आता हे एकच उत्तर सगळीकडे वापर. इन्स्टाला रील, यूट्यूबला शॉर्ट, व्हॉट्सॲपला स्टेटस. स्टेटस 24 तासांत जातं, तेव्हा महिन्याभराने तेच पुन्हा लाव, कुणाच्या लक्षात राहत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तेच वाक्य क्विक रिप्लाय म्हणून साठव, म्हणजे '/तेल' लिहिलं की उत्तर हजर. तीच दोन वाक्यं छापून पार्सलमध्ये चिठ्ठी टाक.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवण्यात, बहुतेक जण फसतात. एका यादीत 256 नंबर बसतात खरे, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बाकीच्यांना काही जात नाही आणि तुला वाटतं, लोकांना रस नाही. म्हणून पाकिटावरच छाप: 'नंबर सेव्ह करा आणि चटणी असं लिहून पाठवा.' न विचारता कुणाला ग्रुपात ओढू नकोस. बऱ्याच लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर खातंच अडकतं, आणि एकट्याच्या धंद्यात खातं अडकलं म्हणजे दुकानाला कुलूप.

भाव लपवू नकोस. 'भावासाठी इनबॉक्स करा' वाचून चांगलं गिऱ्हाईक निघून जातं. 250 ग्रॅमचा कुरिअरसकट भाव सरळ लिही. पाकिटाचा फोटो टाकशील तेव्हा त्यावर फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर वाचता आला पाहिजे. 'शुगरवाल्यांना उत्तम' असले दावे मात्र करू नकोस. सणाच्या शुभेच्छांवर स्वतःचा फोटोही नको. त्यासाठी सोलापुरात चौकाचौकात फ्लेक्सचे डिजिटल बोर्ड आहेतच.

गूगलवर बिझनेस प्रोफाइल उघड. घरी कुणी येणार नसेल तर पत्ता झाकून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. पार्सल पोचल्यावर तीन-चार दिवसांनी रिव्ह्यू माग, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नकोस. गूगलच्या नियमात ते बसत नाही.

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे व्हिडिओ डिसेंबरातच करून ठेव, जानेवारीत तुला उखळीपासून उठायला सवड नसेल. दिवाळीला घरी आलेली पोरं पुण्या-मुंबईला परतताना पिशव्या भरतात, त्यांना आठवण करून देणारा मेसेज भाऊबीजेच्या आधी गेला पाहिजे.

लाइक मोजू नकोस. प्रत्येक ऑर्डरला 'कुठून कळलं?' एवढं विचारून वहीत लिही: स्टेटस, रील, गूगल, ओळखीतून. तीन महिन्यांनी ज्या रकान्यात काहीच नाही, ते काम सरळ बंद.

मुठीचा व्हिडिओ झाला की टाकण्याआधी मला पाठव. आणि शूटिंगच्या वेळी पंखा बंद ठेव, नाहीतर उखळीऐवजी त्याचीच घरघर ऐकू येईल.