माजी पंतप्रधानावर फौजदारी खटला चालू शकतो का?

चालू शकतो आणि चाललेलाही आहे. मी माणगावच्या कोर्टात वकिली करतो. बाहेरच्या टपरीवर हा प्रश्न दर पावसाळ्यात एकदा तरी निघतोच.

संविधानाचं कलम 361 फौजदारी कारवाईपासून वाचवतं ते राष्ट्रपती आणि राज्यपालांना, तेही पदावर असेपर्यंत. पंतप्रधान त्यात नाहीत. खासदार-लाच प्रकरणात नरसिंह राव यांना 2000 साली विशेष न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. 2002 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. गंमत बघा, पैसे घेऊन सरकारच्या बाजूने मत दिल्याचा आरोप असलेल्या खासदारांना 1998 च्या निकालाने कवच मिळालं होतं. देणारा आरोपी, घेणारा मोकळा! तो निकाल मोडायला 2024 उजाडलं.

पण खरी मेख सँक्शनमध्ये आहे, म्हणजे खटल्याला सरकारची परवानगी. त्यासाठी आमच्याच रायगड जिल्ह्यातले, आंबेतचे बॅरिस्टर अंतुले बघा. सिमेंट वाटपाच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याचा आरोप झाला, जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं, आमदारकी राहिली. मग परवानगी लागणार का? सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली सांगितलं, ज्या पदाच्या गैरवापराचा आरोप आहे ते पद सुटलं की परवानगी नको. त्याच निकालात खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला, आणि 1988 साली सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायाधीशांनी तो आदेशच चुकीचा ठरवला. इतकी वर्षं नुसती खटला कुठे चालवायचा यात गेली. (टपरीवर हे बोललो की निम्मे लोक माझ्यावर उखडतात. सिंधुदुर्ग जिल्हा बॅरिस्टरांनी केला, हे इकडे कुणी विसरलेलं नाही.)

आता 1984 ची ती वाटही बुजली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, आणि पद सोडलेल्यांसाठीही परवानगी लागू लागली. सोबत आलेल्या कलम 17अ मुळे सरकारी निर्णयाच्या नुसत्या चौकशीलाही आधी मंजुरी हवी. मला हे साफ चुकीचं वाटतं. परवानगी असते ती खुर्चीवरच्या माणसावर खोट्या खटल्यांचा दबाव येऊ नये म्हणून. खुर्ची गेल्यावर दबावाची भीती कसली?

17अ ला अपवाद एकच: लाच घेताना जागच्या जागी पकडलं तर मंजुरी नको. त्यात तलाठी सापडतो. सिमेंटच्या कोट्यावर सही करणारा कसा सापडेल?