कारवानची पैदास: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमच्या कारवान कुत्रीला अकराव्या महिन्यात पहिला माज आला. रक्त शुद्ध राहावं म्हणून तिचा बापच नर म्हणून लावा, असं गावातले जुने लोक म्हणतात. लावावा का? (लातूर जिल्हा)

या माजाला नाही, आणि बाप तर कधीच नाही. केंद्राच्या 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार मादी किमान 18 महिन्यांची हवी. वर्षात एकच वेत, आयुष्यात फार तर पाच, आणि आठ वर्षांनंतर बंद. विक्रीसाठी पैदास करणार असाल तर राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते.

आता 'शुद्ध रक्ता'बद्दल. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीत पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (एकाच पूर्वजाचं तेच जनुक आई-बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता) 25 टक्के येतो. सावत्र भावंडांत तो 12.5, चुलत भावंडांत 6.25. पहिलं वेत बहुधा एकसारखं, देखणं निघतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. तोटा हळूहळू दिसतो: वेतात पिल्लं कमी, जन्मतःच दगावणारी जास्त, आजवर झाकलेले दोष वर आलेले. जातीवंत जनावरं थोडीच उरलेल्या कारवानला हे परवडत नाही.

दोन्हीकडच्या निदान तीन-चार पिढ्या वहीत लिहून काढा आणि सामाईक पूर्वज नसलेला नर शोधा. सोलापूर, विजयपूर, बागलकोटकडे चौकशी करा. शर्यतीसाठी ग्रेहाउंडचं रक्त घातलेलं आहे का, हे स्पष्ट विचारा. नराच्या दोन्ही गोट्या खाली उतरलेल्या हव्यात. एकच उतरलेला नर कितीही पळणारा असो, नको, कारण हा दोष पिल्लांत जातो. नर-मादी दोघांची ब्रुसेला (गर्भपात घडवणारा जिवाणू) तपासणी करा. लिंगावर किंवा योनीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्त गळणारी गाठ दिसली तर जोडी रद्द. तो संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे आणि मोकाट कुत्र्यांत तो सर्रास आढळतो.

प्रश्न: दोन माजांत बाराव्या दिवशी नर लावला, दोन्ही वेळा कुत्री गाभण राहिली नाही. (पुणे)

बारावा दिवस हा निव्वळ अंदाज. एखादीचं बीज आठव्या दिवशी सुटतं, एखादीचं विसाव्या. रक्तस्राव सुरू झाल्यावर सहाव्या-सातव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासा. दर मिलिलिटरला 2 नॅनोग्रॅमच्या आसपास आकडा चढू लागतो, 5 च्या सुमारास बीज सुटतं. पण कुत्रीचं बीज सुटल्यावर पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून बीज सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी एकदा आणि चौथ्या दिवशी एकदा नर लावा. याचा आणखी एक फायदा: बीज सुटल्यापासून 63 दिवस, फार तर एक दिवस इकडेतिकडे, ही विण्याची तारीख पक्की मिळते. नर लावल्याच्या तारखेवरून मोजलं तर आठवड्याचाही फरक पडू शकतो. इतकं करूनही राहिली नाही, तर नराचं वीर्य तपासून घ्या. ते आधीच करायला हवं, पण दोष नेहमी कुत्रीलाच दिला जातो.

प्रश्न: गाभणपणात कॅल्शियमचं टॉनिक द्यावं ना? (नाशिक)

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम काढून देणारी ग्रंथी सुस्तावते. मग विल्यावर दोन-चार आठवड्यांनी, दूध भरात असताना, ते रक्तात एकदम कमी पडतं. धाप, अस्वस्थपणा, अंगाला थरथर, पाय ताठ, ताप अशी लक्षणं दिसली तर पिल्लं लगेच वेगळी करून कुत्रीला दवाखान्यात न्या. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावं लागतं, त्यामुळे घरी प्रयोग नको. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य थोडं थोडं करून वाढवलं की पुरतं.

तीच गोष्ट कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनची. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळा स्राव दिसला, तर सुई न शोधता गाडी काढा.