सप्टेंबरात तांबोपाता: दोघंच, पाठीवर सॅक, चार रात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंच, पाठीवर सॅक, सप्टेंबरात पेरू-बोलिव्हियात तीन आठवडे, त्यातले चार-पाच दिवस ॲमेझॉनच्या जंगलात. प्राणी दिसायला हवेत, जग्वार दिसला तर सोन्याहून पिवळं, आणि खर्च आटोक्यात. मग मानू, इक्वितोस, रुर्रेनाबाके की पुएर्तो माल्दोनादो?

पुएर्तो माल्दोनादो, म्हणजे पेरूच्या आग्नेयेतलं जंगलाच्या तोंडाशी असलेलं शहर. तिथून तांबोपाता नदीने जमेल तितकं वर जायचं, आणि चार रात्रींपेक्षा कमी नको. मानू सरसच आहे, पण आतल्या भागात परवानाधारक संस्थेबरोबरच जाता येतं आणि कुस्कोहून जाऊन-येऊन सहा-सात दिवस सहज मोडतात. इक्वितोसला बाहेरून रस्ताच जात नाही, विमान किंवा बोट. शिवाय तिथे पर्यटकांच्या गळ्यात स्लॉथ आणि अजगर घालून फोटो काढण्याचा धंदा फोफावलाय, त्यापासून चार हात लांब राहा.

ताडोबाची सवय असेल तर ती आधी डोक्यातून काढा. तिथे पाणवठ्याशी जिप्सी लावली की काहीतरी येतं. इथे झाडांचे शेंडे तीस मीटरवर, खाली उजेड जेमतेम, आणि बरेच सस्तन प्राणी रात्री हिंडणारे. चार तास पायवाट तुडवून मुंग्या, कोळी आणि वर कुठेतरी हललेली फांदी एवढंच पदरात पडू शकतं. प्राणी दिसतात ते कडेला: नदीचा काठ, जुन्या पात्राची तळी आणि मातीचे कडे, म्हणजे तिथल्या भाषेत कोल्पा. त्यामुळे लॉज निवडताना खोलीचे फोटो बघू नका. लॉज या तीन जागांपासून किती लांब आहे तेवढंच बघा.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शहरापासून तासाभरावरचे स्वस्त लॉज तांबोपाता राखीव क्षेत्राच्या बाहेर, तोडून पुन्हा वाढलेल्या जंगलात असतात. पूर्वी शिकार झालेली असल्याने माकडं कमी आणि बुजरी. ‘तीन दिवस दोन रात्री’ घेतलंत तर पहिला दिवस पोहोचण्यात आणि शेवटचा परतण्यात जातो, हातात पूर्ण दिवस एकच. त्यात पाऊस आला की संपलं. लिमातल्या हॉटेलात काटकसर करा, इथे नको. बोटीला पेट्रोल लागतं, म्हणून जितकं वर जाल तितके पैसे वाढणार. पण पैसे वसूल होतात तेही तिथेच.

बुकिंगआधी चार गोष्टी लेखी विचारा. लॉज राखीव क्षेत्राच्या आत आहे की बाहेर? एका गाइडमागे माणसं किती? कोल्प्याला पहाटे किती वाजता निघणार? प्रवेश शुल्क धरलंय का? सहापेक्षा जास्त माणसं एका गाइडमागे असतील तर सोडून द्या, रांगेतल्या शेवटच्या दोघांना फक्त पुढच्याची सॅक दिसते. दोघांसाठी वेगळा गाइड महाग पडतो, पण आणखी एखादं जोडपं जोडून चौघं झालात तर परवडतं.

तांबोपाता नदीवरचा चुंचोचा कोल्पा मोठ्या मकावांसाठी, म्हणजे लांब शेपटीच्या रंगीत पोपटांसाठी, उत्तम. समुद्रापासून इतक्या लांबच्या या जंगलात झाडपाल्यात सोडियम कमी, ते या मातीत मिळतं, म्हणून पक्षी कडा कुरतडायला येतात. उजाडायच्या आत जागेवर बसलेलं असावं लागतं. आधी लहान पोपटांचे थवे वरच्या झाडांवर जमतात, बराच वेळ नुसता कलकलाट चालतो, कोणीच खाली उतरत नाही. मग एखादा धीट उतरतो आणि पाठोपाठ लाल-हिरवे, शेंदरी, निळे-पिवळे मकाव कड्याला लटकतात. एखादा ससाणा आला किंवा बोट जवळून गेली की क्षणात सगळे पसार, आणि पुन्हा उतरायला तासभर लागू शकतो. पाऊस असेल तर येतच नाहीत, म्हणून दोन सकाळी हातात ठेवा. शहराजवळच्या लॉजवरून निघालात तर अंधारात काही तास बोटीत काढूनही उशीर व्हायची भीती. तुम्ही सप्टेंबर निवडलात ते बरं केलंत, मे ते जुलै या काळात कोल्प्यावर वर्दळ कमी असते.

सांदोवाल तळ्याला एक रात्र द्या. शहरातून माद्रे दे दिओस नदीने खाली अर्धा-पाऊण तास बोट, मग तीनेक किलोमीटर चिखलाची वाट, मग वल्ह्याची होडी. दीड मीटरहून लांब पाणमांजरांचं कुटुंब, होआत्सिन पक्षी, काळे केमन (मगरीचे भाऊबंद) आणि लाल हाउलर माकडं हा इथला ऐवज. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे भर उन्हात तळ्यावर पोहोचतात, तेव्हा पाणमांजरं सावलीत पडलेली असतात. पहाट आणि संध्याकाळ मिळवायची तर मुक्काम हवाच.

जग्वार: कोरड्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, वरच्या नदीकाठी वाळूवर दिसतो, पण हमी देणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. जग्वार हाच हेतू असेल तर ब्राझीलच्या पांतानालमधलं पोर्तो जोफ्रे गाठा. ते मात्र पाणथळ प्रदेशात आहे, वर्षावनात नाही.

बोलिव्हियातलं रुर्रेनाबाके नकाशावर शेजारी दिसतं, पण पुएर्तो माल्दोनादोहून तिकडे जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. दोन्हीतलं एकच करा. याकुमा नदीच्या गवताळ भागात कॅपिबारा, केमन आणि गुलाबी डॉल्फिन कमी पैशांत भरपूर दिसतात, पण सप्टेंबरात शेतं जाळल्याचा धूर असतो आणि त्यापायी विमानं रद्द होतात.

कुस्कोहून रात्रीची बस साधारण दहा तास घेते. वाटेत 4,700 मीटरच्या वरची खिंड लागते, म्हणून जाड जाकीट डिकीत टाकू नका. उतारावर वळणंच वळणं, उलटीची गोळी आधी घ्या. एटीएम शहरातच, पुढे रोख सोल (पेरूचं चलन) लागतील.

सामान: दोघांत मिळून एकच चाळीस-पन्नास लिटरची सॅक वर न्या, बाकी शहरात ठेवा. दुर्बीण मात्र दोन. एकीत भागवायला गेलात तर प्राणी एकालाच दिसतो आणि रात्री त्यावरून वाजतं. 8x42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या, हलत्या बोटीत दहापटीची (10x) स्थिर राहत नाही. गमबूट लॉज देतं, पण पाय मोठा असेल तर माप आधी कळवा, आणि बुटाच्या वर येणारे मोजे घरूनच न्या. दक्षिणेचा गार वारा, फ्रियाहे, सप्टेंबरात क्वचित येतो. आला तर पारा 10-12 अंशांवर उतरतो आणि प्राणी दडी मारतात, म्हणून एक फ्लीस असू द्या. डासांना पळवणारं 30 टक्के डीईईटी पुरतं, पण ते प्लॅस्टिक विरघळवतं. हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला लावू नका. आधी सनस्क्रीन, मग डीईईटी. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक निघायच्या आधी लावून वाळवा.

शाकाहारी असाल तर ‘कार्ने (मांस) नको’ एवढ्याने ताटात कोंबडी येऊ शकते. ‘नी पोयो, नी पेस्कादो’ (कोंबडी नको, मासेही नकोत) हेही जोडा. भात, घेवडा, अंडी, तळलेली केळी यावर निभतं. मासे खात असाल तर मोठे मांसाहारी मासे टाळा, सोन्याच्या खाणींमुळे या नद्यांत पारा हा विषारी धातू मिसळलाय.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. पेरूहून परतताना भारतात दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा: ही जिवंत लस आहे आणि तिथे झिकाही आहे, त्यामुळे दोघंही जाणार असाल तर परतल्यावर तीन महिने थांबायला सांगतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. परतल्यावर काही आठवड्यांनी कातडीवर न दुखणारी, न भरणारी जखम दिसली तर साधं गळू समजून मलम लावत बसू नका. वाळूमाशीमुळे होणारा त्वचेचा लीशमॅनियासिस माद्रे दे दिओसमध्ये आहे, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तो पटकन ध्यानात येणार नाही. कुठे गेला होतात ते तुम्हीच सांगा.