कोलवाळला पत्र पाठवायचंय, लिहू काय?

प्रश्न: ताई, माझा मोठा भाऊ मागच्या पावसापासून कोलवाळच्या जेलात अंडरट्रायल आहे, केस अजून सुरूच होत नाहीये. आई भेटायला जाते पण डिचोलीहून म्हापशाला बस बदलून जायचं म्हणजे तिचा अख्खा दिवस मोडतो, आणि भेटीत दोघंही नुसतं रडतात. मला त्याला पत्र लिहायचंय. बाबा म्हणतात पोस्टात दिलंस की गावभर होईल. पत्र खरंच मिळतं का? ते लोक वाचतात का? आणि लिहू तरी काय? मला त्याचा रागही आलाय. — एक बहीण, डिचोली

उत्तर: अगं लिही, आणि आजच लिही. चवथ जवळ आली की लिहीन असं करत बसलीस तर पत्र पोचेपर्यंत गणपतीवर टांगलेली फळा-फुलांची माटोळी उतरलेली असेल, कारण पोस्टाचे दिवस वेगळे आणि आत तपासून हातात पडायचे दिवस वेगळे.

हो, पत्र वाचतात. आत जाणारं आणि बाहेर येणारं पत्र अधीक्षकांच्या माणसांच्या नजरेखालून जातं, त्यांना आक्षेपार्ह वाटलं तर अडवतातही. म्हणून केसबद्दल एक ओळ पण नको, साक्षीदार कोण, कोण काय बोललं, वकिलाने काय सांगितलं, काहीच नाही, ते सगळं वकिलाच्या भेटीत. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, 1987 च्या कायद्याने हक्कच आहे तो, 15100 या कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन कर. आणि कुणाच्या ओळखीने चिठ्ठी चोरून आत पाठवायचा विचार चुकूनही करू नकोस, 1894 च्या प्रिझन्स अ‍ॅक्टच्या कलम 42 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

पत्त्यात त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आतला नंबर (आईला भेटीच्या वेळी विचारून घ्यायला सांग), मग मार्फत अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह, कोलवाळ, बार्देश, आणि पिनकोड. मागे तुझं नाव-पत्ता. पाकिटात पैसे, औषधं काही घालू नकोस. बाबांना गावच्या पोस्टाची भीती असेल तर म्हापशाच्या पेटीत टाक, विषय संपला. त्याच्या उत्तरावर मात्र तुमच्या घरचाच पत्ता येणार, तेव्हा बाबांशी एकदा बोलून घे, लपवून करू नकोस.

आता लिहायचं काय. बघ, आत माणसाला सगळ्यात जास्त भूक असते ती घरातल्या बारीक-सारीक गोष्टींची. धीर धर, देव आहे, सगळं ठीक होईल असली वाक्यं तो रोज ऐकतो गं. त्यापेक्षा असं लिही की परसातल्या मांडवावर घोसाळी लागलीत, पहिलं काढलं ते आईने भजी करून खाल्लं आणि तुझ्या वाटणीचं म्हणून दोन बाजूला ठेवली मग मीच खाल्ली. पंचायतीने पुन्हा रस्ता खणलाय, तुझ्या स्कूटरची बॅटरी उतरली म्हणून शेजारच्याने चार्ज करून दिली. हे वाचताना तो तुमच्या ओटीवर बसलेला असतो. रागाचं विचारलंस, तर हो, लिही, पण एकदाच आणि स्पष्ट, ''मला तुझा राग आलाय, तरी मी लिहीत राहणार'' एवढं पुरे. दर पत्रात उगाळू नकोस, कारण तो कागद तो दहा वेळा वाचणार आहे.

आणि उत्तर आलं नाही म्हणून थांबू नकोस प्लीज. कुणाला लाज वाटते, कुणाला लिहायची सवयच नसते. लांबलचक एका पत्रापेक्षा दर पंधरवड्याला अडीच रुपयांचं आंतरदेशीय बरं, त्यात जागाच कमी त्यामुळे तुलाही ओझं होत नाही. बाबांना शेवटी सही तरी करायला सांग, नाही केली तर ''बाबा बरे आहेत'' एवढं तूच लिही.

प्रश्न: माझे मिस्टर शिक्षा भोगताहेत, आत कविता लिहितात. त्या बाहेर आणून छापता येतील का? — एक वाचक, फोंडा

उत्तर: वाट आहे, पण सरळ वाटेनेच. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध (म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवलेले) असताना त्यांनी अणूवर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, सरकारने हस्तलिखित बाहेर जाऊ दिलं नाही, आणि 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल संझगिरींच्या बाजूने दिला. ते स्थानबद्ध होते, तुमचे मिस्टर शिक्षा झालेले कैदी, म्हणजे नियम हुबेहूब तेच लागणार नाहीत हे धरून चाला. त्यांनी आधी अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, वही तपासायला द्यावी आणि अर्जाची पोच मागून घ्यावी. नकार आला तर तो लेखी मागा, तो कागद घेऊन वकिलाकडे जाता येतं. तोवर मिस्टरांना प्रत्येक कवितेची दुसरी प्रत आत स्वतःकडे ठेवायला सांगा.