दीडशे जणांत एकटी

«ताई, लातूरला दोन वर्षं नीटची तयारी करून सरकारी मेडिकल कॉलेजला लागले. चार महिने झाले. शाळा मराठी माध्यमाची. रूममेट दोघी आपसांत इंग्रजीत बोलतात, मी इअरफोन घालून बसते. मृतदेहाच्या डिसेक्शनला मागे उभी राहते, मेसचं ताट खोलीत आणून खाते, दर शनिवारी गावी पळते. आईला रोज सांगते, सगळं छान चाललंय. दीडशे जणांत मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. मी चुकीच्या फील्डमध्ये आलेय का?»
– रोल नंबर ११२

प्रिय ११२,

सहीच्या जागी रोल नंबर लिहिलास, त्यात अर्धं दुखणं आलं. पहिल्या वर्षात सगळं नंबरावर चालतं: डिसेक्शनचं टेबल, प्रॅक्टिकलची बॅच, व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, रांग. पण त्यामुळे तीच ठरावीक डोकी वर्षभर तुझ्या आजूबाजूला असणार आहेत. दीडशे जणांत मैत्रीण शोधत बसू नकोस. ११० ते ११४ एवढ्यातच बघ.

लातूरची दोन वर्षं तू एकटीनं अभ्यास केलास: खोली, टेस्ट सिरीज, ओएमआर शीट. तिथं तोंड उघडायची गरजच नव्हती. इथं हातात हाड देतात आणि म्हणतात, "बोला." एकटीनं वाचलेलं त्या क्षणी घशात अडकतं. म्हणून तुला सोबत हवीच आहे, अभ्यासासाठीसुद्धा, आणि मागायला हे चांगलं निमित्त आहे.

११३ ला उद्या विचार: "आज साडेचारला माझा क्लॅव्हिकलचा व्हायवा घेशील? वीस मिनिटं." क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याखालचं कॉलरबोन. वेळ आणि हाड दोन्ही ठरवूनच विचार. "कधीतरी एकत्र अभ्यास करू" म्हणालीस तर ते कधीतरी उजाडत नाही. हाड एकीच्या हातात, प्रश्न दुसरीचे. उजवं की डावं, ते कशावरून? छातीच्या हाडाकडचं टोक जाड, चौकोनी, खांद्याकडचं चपटं. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, सबक्लेव्हियस स्नायूची खाच खालच्या बाजूला. एकदा मराठीत सांगायचं, मग लगेच तेच इंग्रजीत, अडखळत का होईना. मग हाड तिच्या हातात. दोघी किंवा तिघीच बसा. पाच जणी जमल्या की हुशार मुलगी लेक्चर देते आणि बाकीच्या माना डोलावतात. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखं होईल, ११३ नाही म्हणाली तर १११ आहे. आठवड्यातून तीनदा, महिनाभर एवढं कर. डिसेक्शनला दहा मिनिटं आधी पोचलीस तर पुढची जागा मिळते. मागे उभं राहिलं की दिसत नाही, दिसलं नाही की कळत नाही, आणि मग विचारायचीही लाज वाटते.

ताट खोलीत आणणं बंद. रोज रात्री एकाच वेळी, एकाच टेबलावर, इअरफोन काढून जेव. घरून शेंगदाण्याची चटणी येत असेल तर ती टेबलावर उघडून ठेव. मेसच्या पाणचट वरणापुढे तिला गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय राहत नाही.

दर शनिवारी गावी जाणं हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य. बऱ्याच होस्टेलांत रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि मुली घोळक्यानं बाहेर जेवायला जातात. ओळखी तिथं होतात, आणि तेव्हा तू एसटीत असतेस. महिन्यातले दोन रविवार होस्टेलवर काढ. पहिला जड जाईल. आईला रोज एक तरी खरी गोष्ट सांग. "आज कुणाशीच बोलले नाही" एवढं ऐकून ती कोसळत नाही.

रूममेट इंग्रजीत बोलतात तो कट नसतो, सवय असते. तू मराठीतच उत्तर दे, त्यांना कळतं. मात्र नीटचा स्कोअर, जात किंवा कॅटेगरी काढून कुणी टोमणे मारत असेल, मुद्दाम वगळत असेल, तर तो एकटेपणा नव्हे, रॅगिंग आहे. कॉलेजची अँटी-रॅगिंग समिती किंवा अँटी-रॅगिंग हेल्पलाइन, १८००-१८०-५५२२.

आता नीट वाच. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, लेक्चरला उठवत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर चटणी आणि क्लॅव्हिकल पुरे पडणार नाहीत. मेंटॉरना भेटून सरळ सांग: "सर, माझी झोप गेलीय, मला मानसोपचार विभागात दाखवायचंय." आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत सीनियर बघतील अशी भीती वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार एकदा जरी आला असेल तर दोन आठवडे मोजू नकोस. आजच फोन कर आणि रात्री खोलीत एकटी राहू नकोस.

फील्ड चुकली का, हे अजून एकही पेशंट न तपासता कसं ठरवणार? दुसऱ्या वर्षी वॉर्डात पोस्टिंग सुरू होईल. पेशंट म्हणेल, "ठणका नाही हो, चमक निघते." तेव्हा त्या दोघी रूममेट वळून तुझ्याकडेच बघतील. आणि पुढच्या पत्राखाली तुझं नाव लिही, छापणार नाही.

– ताई