जहागीर मोठी, मात्र कारभारात जागा नाही

प्रश्न : जपानचे दाइम्यो म्हणजे आपल्याकडचे सरंजामदारच म्हणावेत का? शोगुनच्या राज्यकारभारात त्यांना कितपत अधिकार होता?
(एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : साम्य आहे, पण ते फार ताणू नये. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशांच्या काळात (१६०३ ते १८६७) ज्याच्या मुलखाची आकारणी किमान १०,००० कोकू तांदळाची असे, त्या सरदाराला दाइम्यो म्हणत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, एका माणसाची साधारण वर्षाची बेगमी. अशी घराणी अडीचशेहून अधिक होती.

आपल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल ते पुढेच आहे. महादजी शिंद्यांचा दौलतविस्तार दिल्लीपर्यंत गेला, तसे पुणे दरबारात त्यांच्या शब्दाचे वजनही वाढले. जपानात नेमके उलट होते. राज्याचा कारभार पाहणारे चार-पाच ‘रोजू’ हे फुदाई, म्हणजे तोकुगावांना सत्ता मिळवून देणाऱ्या १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईआधीपासून तोकुगावांच्या चाकरीत असलेल्या, बहुधा मध्यम जहागिरीच्या घराण्यांतून निवडले जात आणि महिन्याच्या पाळीने काम पाहत. दहा लाख कोकूंहून मोठी जहागीर असलेल्या कागाच्या माएदांना तेथे जागा नव्हती, कारण ते तोझामा, म्हणजे बाहेरचे.

स्वतःच्या मुलखात मात्र दाइम्योच सारा वसूल करी, न्याय देई, फौज बाळगी. शोगुन त्याच्याकडून नियमित कर घेत नसे. पण ही मोकळीक किती बेताची होती, हे फुकुशिमा मासानोरीला विचारावे. सेकिगाहाराला तोकुगावांच्या बाजूने लढलेल्या या सरदाराने पुरात पडझड झालेला हिरोशिमाचा किल्ला रीतसर परवानगीवाचून दुरुस्त केला, आणि १६१९ साली त्याची जवळपास पाच लाख कोकूंची जहागीर गेली. १६३५ पासून तर दाइम्योंना आळीपाळीने शोगुनच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, राहावे लागे आणि बायकामुले तेथे कायमची ओलीस असत. त्यामुळेच हाकोनेच्या नाक्यावर एदोबाहेर जाणाऱ्या स्त्रियांची कसून तपासणी होई.

या मोठ्या घराण्यांचे मत प्रथम विचारले गेले ते १८५३ साली, अमेरिकी आरमार एदोच्या उपसागरात येऊन उभे राहिल्यावर. रोजू आबे मासाहिरोने फुदाई-तोझामा हा भेद न करता सर्व दाइम्योंकडून लेखी अभिप्राय मागवले. पुढे पंधरा वर्षांच्या आत सात्सुमा आणि चोशू या दोन तोझामा मुलखांनीच पुढाकार घेऊन शोगुनशाही उलथवली.